ओगराळं दुसऱ्याच्या हातात गेलं तेव्हा

वाचक भगिनीचं पत्र

ताई, प्रभू येशूच्या नावात सलाम.

मी कळव्याला खारेगावात राहते. घरीच ब्लाउज, ड्रेस शिवते. ठाण्यातल्या एका मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आमचं घर जुनं. काही वर्षांपूर्वी नणंदेचं बाळंतपण कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात झालं, तेव्हा शहापूर-मुरबाडकडून आलेले नातेवाईक जिन्याखाली चादर टाकून वडापाववर दिवस काढताना पाहिले. त्यानंतरच्या रविवारपासून उपासना संपली की मी खिचडी करून नेऊ लागले. आधी दोन डबे होते. मग महिला मंडळाच्या बायका आल्या, तरुण संघाची पोरं आली, मोठं पातेलं आलं.

यंदा नवे पाळकसाहेब आले. त्यांनी सेवा समिती नेमली आणि प्रमुख केलं घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका बाईंना. त्यांना आमच्या मंडळीत येऊन जेमतेम दोन वर्षं झालीत. शिकलेल्या आहेत, माइक हातात घेऊन बोलता येतं. आता टी-शर्ट आले, बॅनर आला, वाढताना फोटो निघतात. वर्धापनदिनाच्या अहवालात खिचडीवर अर्धं पान होतं, माझं नाव कुठेच नव्हतं. वाढायला आता बहुतेक त्याच असतात. मी मागे स्वयंपाकात. कुणी कांदा चिरायला पुढे आलं की मी म्हणते, राहू द्या, मी करते.

पाळकसाहेबांनी बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायावर प्रवचन केलं. आपल्याला झालेल्या पाचारणाला, देवाच्या बोलावण्याला, शोभेल असं, पूर्ण नम्रतेनं चाला. मला वाटलं, हे माझ्यासाठीच बोलतायत. घरी येऊन रडले. बोलले तर गर्विष्ठ ठरेन, गप्प राहिले तर आतल्या आत जळते. मध्ये एकदा बाईंना यायला उशीर झाला म्हणून मी वाढत होते. रांगेतला एक मुलगा म्हणाला, “मावशी, आईजवळ अर्धा तास बसता का? अंघोळ करून घरून कागद आलेत ते स्टेशनवरून घेऊन येतो.” मी म्हटलं, बाळा, मला वाढायचंय. ते का कोण जाणे मनातून जात नाही.

ही सेवा सोडू का? की हाच माझा वधस्तंभ समजून सोसू?

ता. क. खिचडीच्या पाकिटात वचनाची पत्रकं घालायची की नाही यावरही आमच्यात वाद चालू आहे. तुमचं मत सांगा.

– एक बहीण, खारेगाव

उत्तर

प्रिय भगिनी,

सलाम. सेवा सोडू नका. आणि याला वधस्तंभही म्हणू नका.

वधस्तंभ हा शब्द आपण मंडळीत फार सहज वापरतो. नवऱ्याची दारू, जावेचे टोमणे, कमिटीतली भांडणं, सगळ्यालाच. एखाद्या गोष्टीला वधस्तंभ म्हटलं की ती सुधारायची वाटच बंद होते, मग ती फक्त वाहत राहायची. तुमच्या प्रकरणात सुधारण्यासारखं बरंच आहे. काही मंडळीत आहे, काही तुमच्यात आहे. दोन्ही सांगते.

आधी मंडळीचं, कारण तुम्ही सगळा दोष स्वतःकडे घेऊन बसला आहात. अहवालात तुमचं नाव यायला हवं होतं. रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय काढा. उपासनेत तो सहसा वाचला जात नाही, कारण त्यात नुसती नावंच नावं आहेत. हे पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने पंचवीसच्या आसपास माणसांना नाव घेऊन सलाम सांगितलाय. सुरुवातीलाच किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी आहे, तिने पुष्कळांना आणि मलाही मदत केली असं तो लिहितो. मग मरिया आहे, जिने तुमच्यासाठी फार श्रम केले. त्रुफैना, त्रुफासा, पर्सिस, या बायकांच्याही श्रमांची नोंद आहे. नाव घेतल्याने माणूस गर्विष्ठ होतो असं पौलाला वाटलं असतं, तर हा अध्याय लिहिलाच गेला नसता. श्रम करणाऱ्याचं नाव घेणं हे मंडळीचं कर्तव्य आहे, आणि ते राहून गेलं म्हणून तुम्हाला वाईट वाटलं, यात पाप नाही. हे आधी मनाशी पक्कं करा. रडलात ते ठीक झालं.

प्रवचनाबद्दलही एक सांगते. इफिसकरांस पत्र पौलाने कैदेतून लिहिलं आणि ते सबंध मंडळीपुढे मोठ्याने वाचलं जाणार होतं. त्याच पत्रात पुढे तो बायकांशी बोलतो, नवऱ्यांशी, मुलांशी, बापांशी, दासांशी आणि त्यांच्या धन्यांशीही. म्हणजे ऐकणाऱ्यांत दास होता आणि त्याचा धनीही होता. पाचारण दोघांना एकच, नम्रताही दोघांना सारखीच सांगितलेली. तेव्हा “पूर्ण नम्रतेनं चाला” हे त्या रविवारी मागच्या बाकावर बसलेल्या तुमच्यासाठी जेवढं होतं, तेवढंच घोडबंदरच्या बाईंसाठी, पंचकमिटीसाठी आणि स्वतः पाळकसाहेबांसाठी होतं. नम्रतेचं वचन आपल्याकडे नेहमी खालच्या माणसाच्या वाट्याला येतं, त्यातही बायकांच्या. हे मला मान्य नाही. ज्याच्या हातात माइक आहे त्याने नम्रतेचं वचन आधी स्वतःवर लावून पाहावं आणि मग वाचावं.

आणि याच वचनातून दुसरीही गोष्ट निघते, ती तुमच्याकडे येते. ज्या पाचारणाबद्दल पौल बोलतोय ते दासालाही झालेलं आहे, म्हणजे ते पदाचं पाचारण असूच शकत नाही. समिती प्रमुख देऊ शकते, प्रमुख बदलू शकते. प्रभूने तुम्हाला जिन्याखालची ती माणसं दाखवली. समिती नेमण्याच्या कितीतरी आधी दाखवली. ते दाखवणं कुणी काढून घेतलेलं नाही.

तुमच्या पत्रात दोन तक्रारी एकमेकींत गुंतल्या आहेत. एक तुमची, एक कामाची. त्या आधी वेगळ्या करा, कारण दोन्हींची जागा वेगळी आहे. अहवालात नाव नाही, विचारलं नाही, नव्या बाईंना पुढे केलं, ही तुमची. खिचडी घेताना गरिबाचा फोटो निघतो, आणि रांगेतल्या मुलाला काय हवंय हे ऐकायला कुणाला वेळ नाही, ही कामाची. आपली तक्रार प्रार्थनेत न्यावी, आणि भरवशाच्या एखाद्याच माणसाजवळ बोलावी. कामाची तक्रार मात्र समितीत, सगळ्यांसमोर, स्पष्ट बोलावी. आपण उलटं करतो. आपलं दुखणं चार घरी सांगतो आणि कामातली चूक “जाऊ दे, गर्विष्ठ म्हणतील” म्हणून गिळतो.

प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत विधवांना रोज अन्न वाटलं जायचं, आणि ग्रीक बोलणाऱ्या घरांतल्या विधवा त्या वाटपात सुटत होत्या. कुरकुर सुरू झाली. बारा प्रेषितांपैकी कुणीही म्हणालं नाही की बहिणींनो, नम्र राहा, मिळेल त्यात समाधान माना. त्यांनी सगळ्या शिष्यांना एकत्र बोलावलं, अडचण खरी आहे हे मान्य केलं आणि काम पाहायला सात माणसं निवडायला सांगितलं. आता त्या सातांची नावं वाचा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सगळी ग्रीक नावं आहेत. ज्या बाजूच्या विधवा उपाशी राहत होत्या, त्या बाजूच्या माणसांच्या हातात वाटप गेलेलं दिसतं. मला हा अध्याय फार मोठा वाटतो. पवित्र आत्म्याने भरलेल्या मंडळीतही अन्नवाटपात गफलत होत होती, ती कुणीतरी बोलून दाखवली, आणि बोललं गेलं म्हणून ती दुरुस्त झाली. तुम्ही फोटोंबद्दल बोललात तर त्या परंपरेतच बसाल.

फोटोंबद्दल माझं मत सरळ आहे. घेणाऱ्याचा फोटो काढू नये. पातेल्याचा काढा, तांदूळ निवडणाऱ्या बायकांचा काढा, देणगीदारांना हिशेब दाखवा, पावत्या दाखवा. पण ज्याची आई आत व्हेंटिलेटरवर आहे आणि जो दोन दिवसांच्या कपड्यांत हात पुढे करून उभा आहे, त्याचा चेहरा कुणाच्याही मोबाइलवर जाता कामा नये. तो गावी शेतकरी असेल, रिक्षावाला असेल, आपल्यासारखाच कमावून खाणारा असेल, आज त्याच्यावर वेळ आली आहे. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, हे प्रभूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलंच आहे.

आता त्या मुलाकडे येते. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे.

माझी सगळी नोकरी वॉर्डात गेली, नर्स म्हणून. रुग्णाबरोबर एकच माणूस असेल तर त्याचे काय हाल होतात ते मी रोज पाहिलंय. औषध आणायला तोच, रक्ताचा नमुना लॅबमध्ये द्यायला तोच, एक्स-रेला ट्रॉलीमागे धावायलाही तोच. डॉक्टरांचा राऊंड कधी येईल सांगता येत नाही, म्हणून तो जागचा हलत नाही. तीन-तीन दिवस अंघोळ नाही. मोबाइलची बॅटरी संपलेली, गावाला कळवायचं कसं? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसवायचा तर रेशनकार्ड लागतं, ओळखपत्र लागतं, आणि ते असतं मुरबाडच्या घरातल्या ट्रंकेत. कुणीतरी ते एसटीने, लोकलने पाठवतं, आणि घ्यायला स्टेशनवर जायचं तर आईला कुणाच्या भरवशावर सोडायचं? योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र म्हणून माणूस बसलेला असतो, त्याचं कामच हे कागद मार्गी लावण्याचं. पण तो कुठे बसतो, त्याला काय विचारायचं, हे पहिल्या दिवशी गावाकडच्या माणसाला कुणी सांगत नाही. संमतीपत्रावर अंगठा उमटवताना वर काय लिहिलंय हे वाचून दाखवणारं माणूस हवं असतं. भूक असतेच. पण वॉर्डाबाहेर उभ्या माणसाला ताटापेक्षाही कधी कधी अर्धा तास हवा असतो, आणि अर्धा तास देणारं माणूस सहज मिळत नाही.

त्या मुलाने तुमच्याकडे तोच मागितला. टी-शर्टवाल्यांकडे नाही मागितला, तुमच्याकडे मागितला. तुमच्या चेहऱ्यावर त्याला काहीतरी दिसलं असणार. तुम्ही वाढत होता म्हणून नाही म्हणालात, आणि माणसं रांगेत उभी असताना दुसरं काही करताही आलं नसतं. पण आता पाहा. वाढायला दुसऱ्या बाई आहेत. खिचडी शिजवायला आणखी चार जणी तयार होतील, तुम्ही “राहू द्या” म्हणायचं थांबवलंत तर. मग तुम्ही मोकळ्या आहात. ज्या गोष्टीने तुम्हाला दुखावलंय, तिनेच तुमचे हात रिकामे केलेत.

वाटेत लुटून जखमी पडलेल्या माणसाला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण वाटेवर थांबण्यासाठी सांगतो. शेवट पुष्कळदा सुटून जातो. त्याने जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, रात्रभर काळजी घेतली, आणि सकाळी दोन नाणी देऊन त्या माणसाला उतारशाळेच्या रखवालदाराकडे सोपवून तो पुढे गेला. परतताना उरलेला खर्च देईन म्हणाला. पुढचे सगळे दिवस रखवालदाराने केले, आणि त्याच्याबद्दल शोमरोन्याने कुरकुर केलेली नाही. सोपवणं हाही त्या दयेचाच भाग होता.

तुमच्यासाठी ठोस काय, ते सांगते. वॉर्डाच्या सिस्टरांना आधी भेटा. रविवारी दुपारी सिस्टर इन्चार्ज कोण असतात ते विचारा, त्यांना सांगा की आम्ही दोघी-तिघी नातेवाइकांच्या जागी अर्धा-अर्धा तास बसायला तयार आहोत. त्या परवानगी देतील तेवढंच करा, आणि ज्या वॉर्डात नको म्हणतील तिथे आग्रह नको. बसलात तर रुग्णाला काही खायला-प्यायला देऊ नका, ऑपरेशनआधी पाणीसुद्धा चालत नाही. सलाइनला हात लावू नका, कुठल्याही कागदावर सही करू नका. नातेवाइकाचा मोबाइल नंबर लिहून घ्या आणि काही बदल वाटला तर सिस्टरला हाक मारा. मुलाची आई जागी असेल तर तिचं नाव, गाव विचारा आणि ऐकत बसा. तुम्हाला शिवणकाम येतं, हातात काहीतरी घेऊन बसलात तर तिलाही संकोच वाटणार नाही. एवढंच काम आहे. याचा बॅनर होत नाही.

आता ते “राहू द्या, मी करते”.

हे वाक्य आपल्या बायकांच्या तोंडी इतकं बसलंय की ते नम्रतेचं वाटतं. योहानाच्या शुभवर्तमानाचे बारावा आणि तेरावा हे दोन अध्याय एका बैठकीत वाचा. बाराव्यात बेथानीला मरिया मौल्यवान सुगंधी तेल येशूच्या पायांना लावते आणि आपल्या केसांनी पाय पुसते. यहूदा बोल लावतो, हे तीनशे दीनारांना विकून गरिबांना का दिलं नाही? प्रभू तिला थांबवत नाही. तो ती सेवा घेतो, सगळ्यांच्या देखत घेतो. तेराव्यात, त्याच आठवड्यात, तो स्वतः जेवणावरून उठतो, वस्त्र बाजूला ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. आधी घेतलं, मग दिलं. आणि त्या रात्री त्याला अडवणारा कोण? पेत्र. माझे पाय तुम्ही कधीही धुवायचे नाहीत, असं तो म्हणाला. ऐकायला किती नम्र वाटतं! प्रभूचं उत्तर मात्र कठोर होतं, मी तुला धुतलं नाही तर माझ्यात तुला वाटा नाही. मदत घ्यायला नकार देणं ही पुष्कळदा आपली जागा सांभाळण्याची युक्ती असते. माझ्याशिवाय चालणार नाही हे सिद्ध व्हावं म्हणून आपण एकट्याने कांदे चिरतो आणि मग कुणी मदत केली नाही म्हणून रडतो. तुमच्याबाबत हे पूर्ण खरं आहे असं मी म्हणत नाही, तुम्हाला मी ओळखत नाही. पण प्रभूसमोर बसाल तेव्हा स्वतःला विचारा.

येत्या रविवारी कुणी विळी घेऊन पुढे आलं की सरकून जागा द्या.

याच्याही पुढे जा. पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून अन्नावाचून मरणाऱ्या विधवा आणि मुली केडगावच्या आपल्या मुक्ती मिशन आश्रमात आणल्या, 1900 मध्ये गुजरातच्या दुष्काळातून आणल्या. त्यांना वाढून गप्प बसवलं नाही. शेती, विणकाम, तेलाची घाणी, छापखाना, सगळीकडे त्यांचेच हात होते. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून मराठीत बायबलचं भाषांतर करत होत्या, 1922 मध्ये त्या वारल्या तोवर ते काम चालू होतं, आणि त्याचे खिळे, म्हणजे छपाईची अक्षरं, जुळवले ते याच मुलींनी. दुष्काळातून उचलून आणलेल्या मुलीच्या हाताने देवाचं वचन छापलं गेलं. ज्याला आपण देतो त्याच्याकडेही देण्यासारखं काही असतं, हे रमाबाईंना कळलं होतं. तुमच्या रांगेत दहा दिवस काढलेला माणूस असतो. त्याला रक्तपेढी कुठे, कुठलं मेडिकल रात्री उघडं, कुठल्या मजल्यावर अंघोळीला पाणी येतं, सगळं पाठ असतं. नव्या माणसाला त्याच्याशी जोडून द्या. त्यालाच एकदा ओगराळं हातात द्या. तो नाही म्हणणार नाही.

आता घोडबंदरच्या बाई. त्यांच्याबद्दल तुम्ही चार वाक्यं लिहिलीत आणि चारही बाहेरून पाहिलेली आहेत. आपल्या मराठी मंडळ्यांत निम्मी माणसं एकमेकांची सोयरी, कुणी नगरची, कुणी जालन्याची, तीन पिढ्यांची ओळख. नवं माणूस आलं की त्याला उपासनेनंतर चहाच्या घोळक्यात उभं राहायलाही जागा सापडत नाही. दोन वर्षं मंडळीत काढून कदाचित त्यांना कुणी घरी जेवायला बोलावलं नसेल. तुम्ही बोलावलंत का? नसेल, तर बोलवा. आणि त्या आल्या की सगळं सांगा: तांदूळ-डाळीचं प्रमाण, कुठला वाणी उधार देतो, कुठल्या गेटचा वॉचमन समजूतदार आहे, पातेलं रिक्षात कसं ठेवायचं, उन्हाळ्यात खिचडी किती वाजेपर्यंत टिकते आणि कधी टाकून द्यायची. तुमच्याकडे कितीतरी वर्षांचं शहाणपण आहे. ते हातचं राखलंत तर एखाद्या रविवारी खिचडी आंबेल आणि त्यांचं नाक कापलं जाईल, पण पोट बिघडेल ते शहापूरच्या कुणाचं तरी. नम्रतेची खरी परीक्षा इथे आहे: आपल्याला न विचारता नेमलेल्या माणसाचं काम चांगलं व्हावं म्हणून आपण आपली माहिती देतो का. अहवालात नाव नसल्याचं सोसण्यापेक्षा हे अवघड आहे, मला माहीत आहे.

पाळकसाहेबांनाही भेटा. उपासनेनंतर दारात ते सगळ्यांचे हात हातात घेत असतात तेव्हा नको. आठवड्यात फोन करून वेळ मागा. नवऱ्याला किंवा महिला मंडळातल्या एखाद्या ज्येष्ठ बाईंना सोबत न्या. “पाळकसाहेब, मला दोन गोष्टी सांगायच्यात. एक माझ्या मनातली आहे, एक कामाची आहे,” असं सरळ म्हणा. नावाचं दुखणं एका वाक्यात सांगा आणि तिथेच थांबा. मग फोटोंचं सांगा, अर्ध्या तासाच्या सेवेचं सांगा आणि त्यासाठी तरुण संघातल्या दोन मुली मागा. ते चिडतील असं वाटत असेल तर लिहून न्या. पाळकांनाही नव्या मंडळीत कोण कुठलं, कुणी काय सुरू केलं, हे कुणीतरी सांगितल्याशिवाय कळत नाही. कदाचित तुमचं नाव त्यांना कुणी सांगितलंच नसेल. कळूनही त्यांनी काही केलं नाही, तरी वॉर्डात बसायला कुणाच्या पदाची गरज नाही. सिस्टरांची परवानगी पुरे.

पत्रकांचं. पाकिटात घालू नका.

माझं मत ठाम आहे आणि ते विश्वासातूनच आलंय. आई आजारी असलेला, उपाशी माणूस हातातलं अन्न नाकारू शकत नाही. म्हणजे त्यासोबत आलेला कागदही तो नाकारू शकत नाही. जे नाकारता येत नाही त्याला शुभवर्तमान म्हणणं मला बरोबर वाटत नाही. लूकच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे झाले आणि आभार मानायला एकटा परत आला, तोही शोमरोनी, यहूद्यांच्या लेखी परका. बाकीचे नऊ कुठे आहेत असं प्रभूने विचारलं जरूर, पण त्यांचं बरं होणं परत घेतलं नाही. शिवाय रुग्णालयाचा आवार हा सगळ्यांचा आहे. तिथे एकदा संशय आला की खिचडीही बंद होईल आणि वॉर्डात बसणंही. कुणी विचारलं, तुम्ही हे का करता, तर लाजू नका, प्रभूचं नाव घ्या. कुणी म्हणालं, माझ्या आईसाठी प्रार्थना करा, तर तिची इच्छा असेल तर खाटेजवळ हळू आवाजात करा, शेजारच्या खाटेला त्रास होणार नाही अशी. कुणी बायबल मागितलं तर पुढच्या रविवारी आणून द्या.

आणि पाकिटात कागद घालायचाच असेल, तर तरुण संघाला एक संध्याकाळ बसवा आणि मोठ्या मराठी अक्षरांत हे छापून घ्या: आरोग्यमित्र कुठल्या मजल्यावर आणि किती ते किती बसतात, योजनेसाठी कुठले कागद घरून मागवायचे, रक्तपेढी कुठे आहे, रात्री उघडं असलेलं मेडिकल कुठलं, ठाणे स्टेशनला जायची बस कुठून सुटते, जवळपास अंघोळीची आणि झोपायची सोय कुठे आहे. माहिती आधी रुग्णालयातून तपासून घ्या, चुकीचा पत्ता छापला तर कुणीतरी रात्री दोन वाजता फिरत बसेल. हिंदीतही छापा, मुंब्रा-भिवंडीकडच्या पुष्कळांना त्याची गरज पडेल. ज्यांना वाचता येत नाही त्यांना तुमच्यातल्या कुणीतरी वाचून दाखवा, आणि दर तीन महिन्यांनी जाऊन वेळा बदलल्यात का ते पाहून या.